पानं जाळू नका, देठ गाडीत घालू नका: नागपुरातल्या स्कीम आणि लेआउटच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातल्या सगळ्या फ्लॅट स्कीम, अपार्टमेंट आणि लेआउटचे अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

पानगळीच्या दिवसांत आमच्या लेआउटमध्ये पहाटे साडेपाचलाच धुराने जाग येते. कडुनिंब, करंज, पिंपळ, गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला मोठा शिरीष, सगळे फाल्गुनात मोकळे होतात. रात्रभर पडलेली पानं झाडून कोपऱ्यात ढीग लागतो आणि कोणीतरी काडी लावतं. धूर विरतो न विरतो तोच गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. आम्ही बादल्या घेऊन खाली उतरतो आणि आदल्या दिवशीचे भाजीचे देठ, चहाचा चोथा, फळांची सालं गाडीत उपडी करतो. एकाच कोपऱ्यावर तासाभरात पानांचा धूर होतो आणि सालं भांडेवाडीच्या कचराडेपोला निघतात. ही दोन्ही एका टाकीत पडली असती, तर अडीच-तीन महिन्यांत त्यांचं काळंभोर खत झालं असतं. एवढीच एक गोष्ट सांगायला मी हे पत्र लिहिते आहे.

आधी महानगरपालिका आयुक्तांना लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की ओला कचरा आपल्या गेटच्या आत तयार होतो आणि तो गेटबाहेर जाऊ द्यायचा की नाही, हे आयुक्त ठरवत नाहीत, आपण ठरवतो. महिन्याच्या मिटिंगमध्ये लिफ्ट, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर दोन-दोन तास बोलतो, तिथे हा विषय यावा असं मला वाटतं. महापालिकेकडेही मागणं आहे, ते पुढे लिहिलं आहे.

मी एका १८ फ्लॅटच्या स्कीमची कोषाध्यक्ष आहे. नोकरी बँकेत कॅशियरची होती, म्हणून प्रत्येक गोष्ट मोजून लिहून ठेवायची सवय आहे. गेल्या वर्षी रोज सकाळी आमचा ओला कचरा वजनकाट्यावर घातला. साधारण दिवसाला ८ ते १० किलो भरला. पौष-माघात तुरीच्या आणि वाटाण्याच्या शेंगा सुरू झाल्या की टरफलांनी तो वाढतो, संत्र्यांच्या हंगामात वाढतो, आणि मे महिन्यात टरबूज-आंब्यांनी १४ किलोच्या वर जातो. आमची स्कीम छोटी आहे. शंभर-दीडशे फ्लॅटवाल्यांनी स्वतःचा हिशेब करून पाहावा.

या वजनात बहुतेक पाणीच असतं. देठ, सालं, उरलेली भाजी यांत ७० ते ८० टक्के पाणी असतं. म्हणजे नागपूरच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे आपण रोज डिझेल जाळून पाणी वाहून नेतो. ते पाणी ढिगात जाऊन बसलं की काय होतं, तेही बघा. वरून थरावर थर पडतात, खाली हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो, आणि तो पेटतोही. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या ढिगाला आग लागल्याची बातमी नागपूरकरांना नवी नाही. पावसाळ्यात त्याच ढिगातून काळं पाणी पाझरतं. ओल्या कचऱ्यात भिजलेला कागद, पुठ्ठा, पन्नी काही कामाची राहत नाही, आणि ते वेचून पोट भरणाऱ्या बायांना चिखलात हात घालावा लागतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीचा पुतळा काढतो. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवतो आणि गावाबाहेर नेऊन तिचं दहन करतो. मला लहानपणापासून ती मिरवणूक आवडते. पण भांडेवाडी आता गावाबाहेर राहिलेली नाही. पारडी, वाठोडा या बाजूला घरं, शाळा, दवाखाने झाले. तिथली मुलं ज्या वासात डबा उघडतात, त्यात आपल्या घरचं आंबलेलं वरण आणि कुजलेली पालक आहे. धरमपेठेत, त्रिमूर्तीनगरात, मनीषनगरात राहणाऱ्यांना तो वास येत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या मिटिंगमध्ये येत नाही.

याच भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्रही आहे. तिथून शुद्ध झालेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. शहराचं मैलापाणी वीज करायच्या कामी येतं, कारण ते वेगळ्या पाइपातून, वेगळं म्हणून पोचतं. कचरा मात्र आपण कालवून पाठवतो. कोणी म्हणेल, तिथे मोठे प्रकल्प होतील, ते बघून घेतील. होवोत. पण गॅसचा असो की खताचा, कोणत्याही प्रकल्पाला लागतो निव्वळ ओला कचरा. त्यात सॅनिटरी पॅड, ब्लेड आणि दुधाच्या पिशव्या गेल्या, तर यंत्र बंद पडतं किंवा काचा-प्लास्टिकचं खत निघतं, जे शेतकरी शेतात टाकत नाही.

आता आमचं काय झालं ते सांगते. चुकांसकट सांगते, कारण त्या चुका तुम्हाला टाळता येतील.

आम्ही सुरुवात केली जुलैत, आणि प्लास्टिकच्या ड्रमात. ड्रमाला भोकं पाडली, रोजचा ओला कचरा आत घातला, वर थोडी माती. पंधरा दिवसांत त्यातून असा वास सुटला की पार्किंगमध्ये उभं राहवेना. काळं पाणी वाहत तळमजल्यावरच्या काकांच्या खिडकीखाली गेलं. ते संतापले आणि त्यांचं बरोबरच होतं. मिटिंग झाली, ड्रम रिकामे केले. चार महिने हा विषय काढायची हिंमत मला झाली नाही.

मग एकदा आमच्याकडे झाडझूड करायला येणाऱ्या ताईंशी बोलताना सहज ही गोष्ट निघाली. त्यांचं माहेर यवतमाळकडचं. त्या म्हणाल्या, “बाई, आमच्याकडं उकंड्यावर नुसतं ओलं नाही टाकत. काडीकचरा पडते, शेण पडते, माती पडते. तुम्ही नुसतं ओलंच कोंबून राहिल्या, तं सडनच नं ते.” आमचं सगळं चुकलेलं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. खत होणं आणि सडणं यांतला फरक हवेचा आणि काडीकचऱ्याचा आहे.

पुस्तकी भाषेत तीच गोष्ट अशी: ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. नुसती सालं-देठ घातले तर कर्ब कमी पडतो, जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं आणि तो वास नाकाला झोंबतो. नुसती पानं ठेवली तर नत्राअभावी ती वर्षभर तशीच पडून राहतात. एक बादली ओल्याला दोन बादल्या वाळकी, चुरलेली पानं घातली की जमतं. म्हणून मी म्हणते, आपण जाळतो ती पानं कचरा नाहीच, ती ओल्या कचऱ्याची जोडीदार आहेत. पानगळीचे दीड-दोन महिने सोडले तर वर्षभर ती विकत आणायची पाळी येते. आम्ही आणलीही. पावसाळ्यात पानं संपली तेव्हा लकडगंजमधल्या आरामशीनवरून लाकडाचा भुसा पोत्याने आणला. रंग-पॉलिश लागलेला किंवा प्लायवूडचा भुसा मात्र घ्यायचा नाही.

यवतमाळचं नाव निघालं तर पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची आठवण काढलीच पाहिजे. नाडेप काका म्हणून ते ओळखले गेले. ‘नाडेप’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. त्यांनी विटांची टाकी बांधायला सांगितली, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि चारही भिंतींत विटा सोडून भोकं. थोड्या शेणात भरपूर काडीकचरा आणि माती थराथराने रचून वरून शेणमातीने लिंपायचं, की तीन-चार महिन्यांत टाकीभर खत. शेण कमी असलेल्या शेतकऱ्यासाठी केलेली ही युक्ती देशभर गेली. आपल्या विदर्भातल्या माणसाने शोधलेली पद्धत आपल्याच शहरातल्या स्कीममध्ये दिसू नये, हे मला लागतं.

आम्ही त्याच टाकीची लहान बहीण बांधली. ४ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच, अशा तीन, इमारतीमागच्या मोकळ्या पट्टीत, कोणाच्या खिडकीपासून लांब. भिंतींत एकाआड एक वीट सोडली. तळाशी बारीक लोखंडी जाळी, कारण घुशी खालून येतात. वर उताराचं टिनाचं झाकण. दर फ्लॅटमागे १,१०० रुपये लागले, एकदाच. एक टाकी भरत असते, दुसरी मुरत असते, तिसरी रिकामी होत असते. ठेवायच्या असतील तर तीनच ठेवा. दोनमध्ये घाई होते आणि कच्चं खत बाहेर काढावं लागतं.

रोजचं काम पंधरा मिनिटांचं आहे. ओलं घालायचं, त्यावर पानं घालायची, काठीने हलवायचं. सुरुवातीला विरजण म्हणून शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडायचं, नंतर जुन्याच खताची एक घमेली पुरते. आठवड्यातून एकदा फावड्याने खालवर करायचं. ओल किती हवी हे मुठीत दाबून कळतं. दाबल्यावर बोटांतून थेंब दोन थेंब यावेत. धार लागली तर पानं वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. नीट जमलं की तीन-चार दिवसांत आतलं तापमान ५५ ते ६० अंशांवर जातं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी झाकण उघडलं की वाफ वर येते. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी शेजारणीला हाका मारून खाली बोलावलं होतं. याच उष्णतेने बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरतं.

हे काम ताईंवर फुकट लादू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही त्यांना यासाठी महिन्याला वेगळे पैसे देतो, हातमोजे आणि गमबूट देतो. वर्गीकरण घरातच झालं पाहिजे. आपल्या घरचं ओलं-सुकं वेगळं करायला दुसऱ्या बाईने हात घालावा, हे मला मान्य नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळेच द्यायचे. यावर पहिले दोन महिने आमच्याकडे भांडणं झाली. मग आम्ही प्रत्येक मजल्यावरच्या एका घराकडे त्या मजल्याची बादली बघायचं काम दिलं आणि भांडणं थांबली. मुलांना पाठवा. आमच्याकडे सगळ्यात कडक तपासणी चौथीतल्या एका मुलीची असते.

नागपूरच्या चार गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण बाहेरच्या शहरांतले व्हिडिओ पाहून आपली फसगत होते.

संत्र्याचं साल हळू कुजतं. सालातल्या तेलाने जिवाणू मंदावतात. बारीक तुकडे करा, आणि एकाच दिवशी टोपलंभर टाकू नका.

सावजी रस्सा, तर्री, मटणाची हाडं टाकीत नकोत. तेलाचा थर बसून हवा अडते, आणि हाडांच्या वासाने कुत्री, घुशी येतात. शिजलेलं उरलंसुरलं अन्न थोडं असेल तर पाणी निथळून पानांच्या मधल्या थरात चालतं.

गांडूळखताचा आग्रह धरू नका. आम्ही हौसेने दोन किलो गांडुळं आणली होती. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ वर गेला आणि सगळी मेली. गांडुळांना ३५ अंशांच्या वर सोसत नाही. ज्यांच्याकडे गर्द सावली आणि रोज गोणपाट ओलं करणारं माणूस आहे त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांना जिवाणूंचं खत बरं. त्या खताला ऊन बाधत नाही, फक्त उन्हाळ्यात ते पाणी जास्त मागतं. कूलरखाली साचलेलं पाणी आम्ही टाकीत ओतायला लागलो होतो, पण त्यात क्षार फार साठलेले असतात. आता भाज्या धुतलेलं पाणी वापरतो.

चौथी गोष्ट अळ्यांची. पावसाळ्यात टाकीत जाड, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. आमच्याकडे त्या पाहून दोघांनी टाकी बंद करायचा अर्ज दिला होता. त्या घरमाशीच्या नव्हेत. काळ्या, लांबट, गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या त्या अळ्या. ती माशी चावत नाही, डंख मारत नाही, मोठी झाल्यावर ताटातल्या अन्नावर बसायलाही येत नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. दिसल्या तर पानांचा थर वाढवा आणि त्यांना त्यांचं काम करू द्या.

यंत्राबद्दल एक सांगते. आमच्या ओळखीच्या एका मोठ्या स्कीमने बऱ्याच लाखांचं विजेवर चालणारं खतयंत्र घेतलं. ते चोवीस तासांत भुकटी देतं. ती भुकटी म्हणजे वाळवलेला, दळलेला कचरा. पाणी लागलं की तो पुन्हा कुजायला लागतो आणि कुंडीतलं रोप पिवळं पडतं. खत मुरायला वेळ लागतो, तो वेळ वीज वाचवू शकत नाही. मोठ्या स्कीमना तुकडे करणारं यंत्र उपयोगी पडेल, पण मुरवायच्या टाक्या तरीही लागतील. घेण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा, यातून निघालेलं पुढे किती दिवस मुरवायचं?

कायद्याचंही लिहिते, कारण काही सभासदांना त्याशिवाय पटत नाही. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानलं. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी आणि हॉटेलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, असं त्यात सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. आपल्या गल्लीतला पानांचा धूरही यात येतो. पण कोणीतरी दंड करेल म्हणून टाकी बांधणारी स्कीम सहा महिन्यांत टाकी विसरते, हेही मी पाहिलं आहे.

लेआउटवाल्यांना आमच्यापेक्षा सोपं आहे. तुमच्याकडे मोकळी जागा आहे, बगिचा आहे, झाडं आहेत. कोंबड्यांच्या जाळीचा चार फूट उंच गोल पिंजरा उभा करा आणि पानगळीत झाडलेलं सगळं त्यात भरा. पाणी मारा, दाबा. काही न करता वर्षभरात त्याचा पानकुजा होतो, आणि रोज लागणारी कोरडी पानंही तिथूनच मिळतात. शेजारच्या फ्लॅट स्कीमला झाडं नसतात, त्यांना चार पोती द्या. देवळांचं निर्माल्यही त्यातच जाऊ शकतं, फक्त दोरे, पन्नी आणि चमकी काढून घ्या.

आता महापालिकेकडे मागणं, आणि ते तुम्ही-मी मिळून केलं तर ऐकलं जाईल. दहाही झोनमध्ये पानगळीच्या दोन महिन्यांत पानं वेगळी उचलावीत आणि बगिच्यांतच ठेवावीत, ज्यांना हवी त्यांना तिथून नेता यावीत. आम्ही वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र होऊ नये. असं एकदा डोळ्यांसमोर झालं की लोक वर्षभर वेगळं करत नाहीत. आणि आवारातच ओला कचरा जिरवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत मिळावी. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी ती अनेक वर्षं मिळते. केरळातल्या आलप्पुळात कचराडेपोजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने वस्तीवस्तीत हवेशीर खतपेट्या आणि घरोघरी बायोगॅस उभे केले. भांडेवाडीच्या लोकांवर गाड्या अडवायची वेळ येऊ देऊ नका.

खताचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी येतोच. आमच्याकडे १८ घरांच्या कुंड्या, गेटजवळचा कढीलिंब आणि रस्त्यावरची सात झाडं एवढ्यांना पुरून उरतं. उरलेलं एका सभासदाच्या काटोलच्या संत्र्याच्या बागेत जातं. तिथल्या झाडांच्या आळ्यात आमच्या स्वयंपाकघरातलं वर्ष जाऊन पडतं, आणि मृगबहराची संत्री पेटीने आमच्याकडे येतात. त्यांची सालं पुन्हा टाकीत जातात.

यंदाची पानगळ सुरू व्हायच्या आधी एका मिटिंगमध्ये जागा नक्की करा. विटा उन्हाळ्याआधी लावून घ्या आणि पहिली दहा पोती पानं भरून ठेवा, मगच पहिली बादली ओतायला सांगा. आमच्या टाक्या पाहायच्या असतील तर आमच्या स्कीममधल्या कोणालाही विचारून सकाळी सातला या. त्या वेळी ताई खालवर करत असतात, फावडं हातात घेऊन बघता येईल.

आपली,
एका १८ फ्लॅटच्या स्कीमची कोषाध्यक्ष
नागपूर